द्रौपदाक्काच्या पुड्या

द्रौपदाक्का मागच्या दारानं आत आली तेव्हा मी पडवीत मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसले होते. दम लागला की असंच बसावं लागतं. पाठ टेकली की छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं होतं. पुढच्या अंगणात माणसांचा गलका होता. गुरुवारी आमच्याकडं दम्याच्या औषधाला लोक यायचे, निपाणीकडून, चंदगडकडून, कधी गोव्यातूनसुद्धा जीप करून. महांतेशअण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, मला बजावून ठेवलं होतं की गुरुवारी पुढं यायचं नाही. औषध देणाऱ्याच्या घरातलीच मुलगी धापा टाकताना दिसली तर लोकांनी काय समजायचं?

द्रौपदाक्का माझ्यासमोर उकिडवी बसली. कमरेला खोचलेलं फडकं तिनं सोडवलं आणि कागदाच्या पुड्यांचा जुडगा माझ्या मांडीवर ठेवला.

"घे, नीला," ती म्हणाली. "आत्ताच मिळाल्यात. पुढच्या गुरुवारपत्तोर पुरतील."

मला एका दमात बोलता येत नव्हतं. मी हातानंच विचारलं, आणि तू?

"मला काय धाड भरलीया आता? बघ की माझ्याकडं."

खरंच, तिच्याकडं बघितल्यावर कुणाला ती दम्याची रोगी वाटली नसती. ती गडहिंग्लजच्या मिरचीबाजारात देठं खुडायला जायची. त्या धुळीनंच तिची छाती गेली होती. आमच्या शेजारीच तिचं घर, त्यामुळं तिचा खोकला मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण अण्णाचं औषध सुरू झाल्यापासून दोन वर्षांत ती पार पालटली होती. तोंड गोल भरलं होतं, गालांवर लाली आली होती, मानेमागं मांस चढलं होतं. हातपाय मात्र काटक्याच राहिले होते, पण तिकडं कोण बघतंय? बाजारातल्या बायका म्हणायच्या, द्रौपदाला स्वामींचं औषध अंगी लागलं.

मी तिला सांगितलं की अण्णा मलाही हेच औषध देतो, पण मला गुण येत नाही.

"तुझ्या पुड्यांत काय कमी पडत असंल तर? माझ्या खाऊन बघ. अण्णाला मात्र सांगू नको, रागवंल. एक बी पुडी चुकवायची न्हाई म्हणून दर खेपंला दम भरतोय मला." ती हसली. "आठ दिवस न्हाई खाल्लं तर मरत न्हाई मी."

माझे अप्पा वैद्य होते. आम्ही जंगम, लोक आम्हाला स्वामी म्हणायचे, पिढ्यान् पिढ्या घरात पूजा आणि औषध दोन्ही चालत आलेलं. अप्पांचं दम्यावरचं चूर्ण साधं होतं. अडुळसा, रिंगणी, पिंपळी, सुंठ, ज्येष्ठमध. त्यानं कफ सुटायचा, घसा मोकळा व्हायचा, साधी धाप थांबायची. यापेक्षा जास्त काही होतं असा दावा अप्पांनी कधी केला नाही. ओठ निळे पडायला लागले की ते रोग्याला सरळ सांगायचे, आता माझं काम संपलं, दवाखाना गाठा. मला तर त्यांनी कितीदा सायकलच्या दांडीवर बसवून इंजेक्शनला नेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरशी त्यांची ओळख होती आणि दोघं एकमेकांना मानायचे.

अण्णाला याचा राग होता. तो वैद्यकीच्या शिक्षणाला गेला होता, पण अर्ध्यातच सोडून परत आला. मग कोल्हापुरात एका औषधांच्या दुकानात काही वर्षं होता. परत आला तेव्हा अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि हात थरथरायला लागला होता. अण्णानं मागची खोली ताब्यात घेतली, तिला कुलूप लावलं आणि तोच चूर्ण करू लागला. वर्षभरात आमचं अंगण माणसांनी भरलं. बसल्या जागी झोपणारी माणसं आडवी होऊन झोपायला लागली. लग्नात वाजवणं सोडलेला एक सनईवाला परत वाजवायला लागला. लोक अण्णाच्या पायाला हात लावायचे. अप्पा ओसरीवर आपल्या जागी बसून हे ऐकायचे आणि मला हळूच म्हणायचे, "माझ्या हाताला असा गुण कधी आला नाही गं. पोरानं काय साधलंय कोण जाणे."

त्या आवाजात अभिमान होता. थोडी शरमही होती, आपण जन्मभर जे केलं ते कमी पडलं याची.

आणि या सगळ्यात मी. तिशीला आलेली. याच आजारापायी सासरहून परत पाठवलेली. माझ्या पुड्या अण्णा वेगळ्या करून स्वतः माझ्या हातात द्यायचा. मी नेमानं घ्यायचे, पण फरक म्हणावा तर जुजबी. मी एकदा त्याच्याकडं जास्त मात्रा मागितली. तो एवढा चिडला की मी परत विषय काढला नाही. नंतर एकदा बेळगावहून येताना त्यानंच माझ्यासाठी तोंडात मारायचा पंप आणला. कसा ओढायचा ते दाखवलं. लोकांसमोर काढू नकोस, एवढंच म्हणाला. त्या पंपावर मी दिवस काढत होते आणि मनातून कुढत होते, की सगळ्या मुलखाला जे लागू पडतं ते माझ्याच शरीराला का नाही.

म्हणून मी द्रौपदाक्काच्या पुड्या घेतल्या.

दुसऱ्याच दिवशी छातीतली शिट्टी कमी झाली. त्यानंतरच्या दिवशी मी अंगण झाडलं आणि झाडून झाल्यावर लक्षात आलं की आपण मध्ये कुठंच थांबलो नाही. विहिरीवरून घागर आणली. भूक लागली, अशी की वहिनीनं ताटात वाढलेली भाकरी संपवून मी परत मागितली. ज्याला दमा नाही त्याला हे सांगून कळणार नाही. श्वास आत जातो, मग बाहेर येतो, आणि माणसाला त्याची आठवणसुद्धा राहत नाही. त्या दिवसांत मी उगीचच गाणं गुणगुणायचे.

द्रौपदाक्का मधल्या दिवसांत दिसली नाही. तिच्या सुनेला, कमळला, विचारलं तर म्हणाली, सासूबाईंचं पोट बिघडलंय, उलट्या होतात, अंगात त्राण नाही म्हणतात, तरी बाजारात गेल्यात. उन्हाळा होता. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

बुधवारी सकाळी अप्पा ओसरीवर बसले होते. अण्णा मागच्या खोलीत होता. मला राहवलं नाही. मी अप्पांजवळ बसले आणि म्हणाले, "अप्पा, माझा आवाज ऐका."

त्यांनी माझ्या पाठीला कान लावला. लहानपणी लावायचे तसाच. बराच वेळ ऐकत राहिले.

"शिट्टी नाही," ते म्हणाले. "महांतेशनं औषध बदललं काय तुझं?"

मी त्यांना खरं सांगितलं. द्रौपदाक्काच्या पुड्या खाल्ल्या, माझ्या नव्हे. ते म्हणाले, तिची एखादी राहिली असली तर आण, आणि तुझीही एक आण.

दोन्ही पुड्या मी त्यांच्या तळहातावर एकेक करून मोकळ्या केल्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण जीभ शाबूत होती. माझी पुडी त्यांनी चाटली आणि मान हलवली. ओळखीची चव होती ती. चूळ भरली. मग द्रौपदाक्काची चाटली. तोंड हलायचं थांबलं. परत थोडी बोटावर घेतली, जिभेच्या मागच्या बाजूला लावली.

"काय झालं, अप्पा?"

"हा कडवटपणा झाडपाल्याचा नाही," ते म्हणाले. "महांतेशला बोलाव."

अण्णा हात पुसत आला. अप्पांनी त्याच्यापुढं तळहात धरला आणि विचारलं की यात काय घातलंस. अण्णानं आधी काहीच नाही असं सांगितलं. मग म्हणाला, बाजारातून आणलेली पिंपळी वेगळ्या जातीची असेल. अप्पांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, मग नीलाच्या पुडीत ती पिंपळी का नाही?

अण्णानं माझ्याकडं बघितलं. तो घाबरला होता, पण अप्पांना नाही. "तू कुणाच्या पुड्या खाल्ल्यास?" त्यानं मला विचारलं.

"द्रौपदाक्काच्या."

"आणि तिनं काय खाल्लं?"

"काही नाही. तिनं सगळ्या मला दिल्या."

"कधीपासून?"

"मागच्या गुरुवारपासून."

खुंटीवरचा सदरा ओढून तो बाहेर पळाला. आम्हाला काहीच उमगलं नाही. थोड्या वेळानं कमळ रडत आली, तिला बाजारातून निरोप आला होता. द्रौपदाक्का बाजारात मिरच्यांच्या राशीशेजारी कोसळली होती आणि अण्णानंच तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं होतं.

अप्पा उठून उभे राहिले. "मला घेऊन चल," म्हणाले.

कमळही आमच्याबरोबर निघाली, पण एसटी मिळायला वेळ लागला. मी अप्पांचा हात धरला होता. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले, तेही स्वतःशीच. माझ्या नावावर, असं काहीतरी.

दवाखान्यात द्रौपदाक्का कोपऱ्यातल्या खाटेवर होती. तोंड तसंच गोल, पण रंग राखेसारखा. हाताला सलाईन लावलं होतं. डोळे अर्धवट उघडे होते आणि ती कुणालाच ओळखत नव्हती. अप्पांच्या ओळखीचे डॉक्टर बदलून गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्या आमच्याकडं वळून म्हणाल्या की रक्तदाब लागतच नाही, सलाईन चाललंय तरी चढत नाही. उन्हाचा तडाखा म्हणावा, विषबाधा म्हणावी, की हृदयाचं काही, कशातच नीट बसत नाही. बाईंना आधीपासून काही औषध चालू होतं का?

कमळ म्हणाली, या स्वामींचं दम्याचं औषध.

"ते मी विचारलं यांना," बाई अण्णाकडं हात करून म्हणाल्या. "अडुळसा आणि ज्येष्ठमध आहे म्हणाले."

अण्णा भिंतीला टेकून उभा होता. तो तिथं येऊन कितीतरी वेळ झाला होता. त्या सगळ्या वेळात त्यानं एवढंच सांगितलं होतं.

अप्पांनी माझा हात सोडला आणि आवाजाच्या अंदाजानं बाईंकडं वळले.

"बाई, मी याचा बाप. यानं चूर्णात तुमच्यातल्या गोळ्या कुटून घातल्यात. कुठल्या ते याला माहीत आहे. याच्याकडून काढून घ्या."

बाईंनी अण्णाचं मनगट धरलं आणि जवळ जाऊन विचारलं. अण्णानं नाव सांगितलं. मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं, कारण नंतर कोर्टात ते कितीदा तरी ऐकलं. दम्यात जीव वाचवणारं औषध आहे ते, डॉक्टरही देतात, पण मोजून, थोडे दिवस, आणि लक्ष ठेवून. महिनोन् महिने पोटात गेलं तर शरीर स्वतः जे बनवायचं ते बनवणं सोडून देतं. तोंड सुजून गोल होतं. आणि मग ते एकाएकी बंद केलं तर माणूस उभ्या उभ्या विझतो.

"दोन वर्षं?" बाई म्हणाल्या. "आणि एकदम बंद झालं? आल्या आल्या का नाही सांगितलंत? मी सकाळीच इंजेक्शन दिलं असतं."

त्यांनी धावत जाऊन ते इंजेक्शन आणलं. कपाटातच होतं. द्रौपदाक्काच्या शिरेत सोडलं. आम्ही तिथंच उभे राहिलो. दुपार कलायला लागली तेव्हा तिनं एकदा डोळे पूर्ण उघडले आणि माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. त्यानंतर थोड्याच वेळात ती गेली.

दुसरा दिवस गुरुवार. अंगण भरलं. अण्णा घरात नव्हता, त्याला पोलीस घेऊन गेले होते. अप्पा ओसरीच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पुड्यांत काय होतं, त्या एकदम सोडू नका, आजच्या आज दवाखान्यात जा आणि तिथं हे सगळं सांगा. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातला एक माणूस सोबत पाठवला होता. तोही तेच सांगत होता.

लोकांनी ऐकून घेतलं. मग कुणीतरी विचारलं, म्हणजे आज औषध मिळणार नाही? एकजण म्हणाला की थोरल्या स्वामींना पोराचं नाव झालेलं बघवलं नाही. सनईवाला पुढं आला आणि अप्पांना म्हणाला, "स्वामी, विष असलं तरी द्या. तुमच्या चांगल्या औषधानं मी दहा वर्षं खोकत होतो."

मी त्यांना आत घेऊन गेले. त्या दिवसानंतर त्यांनी कुणालाच औषध दिलं नाही, साधा काढासुद्धा नाही. ओसरीवर बसायचंही सोडलं. सनईवाल्यासारखे बरेचजण पुढं दवाखान्याला लागले. काही तिकडं फिरकलेच नाहीत. त्यांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

अण्णा जामिनावर सुटून आला त्या संध्याकाळी अप्पांनी त्याला समोर बसवून एकच विचारलं. "नीलाला का दिलं नाहीस?"

अण्णा मान खाली घालून बसला. वहिनीनं ताट वाढून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं अप्पाच म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं." आणि भिंत चाचपत आत गेले. त्यानंतर मरेपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत.

खटला उभा राहिला तेव्हा अण्णाच्या वकिलानं सरळ वाट धरली. आपला अशील जडीबुटी व्यापाऱ्याकडून कुटूनच घ्यायचा, भेसळ झाली ती तिकडं, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. कुलपाच्या खोलीत काहीच सापडलं नव्हतं. पोलीस येण्याआधीच ती धुऊन निघाली होती. आणि दवाखान्यात तो जे बोलला ते घाबरून, बापाच्या दडपणाखाली बोलला, असं म्हणणं होतं. साक्षीला मी होते.

आदल्या दिवशी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. तिला खोटं बोलायला सांगणं जड जात होतं, हे दिसत होतं. ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही एवढंच म्हणा की तुम्हालाही त्याच डब्यातलं द्यायचे. बाकी काही विचारलं तर आठवत नाही म्हणा. तुमच्या भावाचं आयुष्य आहे."

अप्पांना विचारावंसं वाटलं, पण ते अंथरुणाला खिळले होते. आणि ते काय म्हणणार, हे मला ठाऊकच होतं. मी विचार केला तो द्रौपदाक्काचा नाही, आज खरं सांगायचं तर अण्णाचाच. सायकलच्या दांडीवर अप्पा मला घेऊन जायचे तेव्हा मागं पळत येणारा तो. पंप कसा ओढायचा हे स्वतः ओढून दाखवणारा तो. माझ्यावर त्याचं प्रेम होतं याचा एवढा भक्कम पुरावा जगात दुसऱ्या कुठल्या बहिणीला मिळाला नसेल. आणि उद्या तोच मला कोर्टात मांडायचा होता.

सरकारी वकिलांनी मला विचारलं की भाऊ तुम्हाला औषध द्यायचा का. हो म्हणाले. तेच औषध, जे इतरांना द्यायचा?

"नाही," मी म्हणाले. "माझ्या पुड्या वेगळ्या असायच्या. स्वतः बांधून माझ्या हातात द्यायचा. त्यात गोळ्या नसायच्या."

मग त्यांनी विचारलं की हे तुम्हाला कसं कळलं, आणि मी सगळं सांगितलं. पडवी, पुड्या, अप्पांची जीभ. अण्णाच्या वकिलानं मला उलटसुलट विचारलं. मी तेच सांगत राहिले. सांगताना मला धाप लागली आणि न्यायाधीशांनी पाणी द्यायला लावलं. अण्णा पिंजऱ्यात उभा होता. मी एकदाही तिकडं बघितलं नाही.

त्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी पोलीस त्याला बाहेर आणत होते तेव्हा मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. कमळ पलीकडं तिच्या नवऱ्याबरोबर उभी होती. अण्णानं हवालदाराला थांबायची विनंती केली. तो माझ्यासमोर आला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्या सोसायची मी तयारी केली होती.

"पंप वेळेवर घेतेस ना?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली.

मग तो अगदी साध्या आवाजात, हिशेब कुठं चुकला हे कळल्यावर माणूस बोलतो तसं, म्हणाला, "तुलाही तेच दिलं असतं तर सुटलो असतो मी."

हवालदारानं त्याच्या दंडाला धरलं आणि ते पायऱ्या उतरून गेले.